थैली समोर यायच्या आधी: पहिल्या पगारातून चर्चला देणं कसं सुरू करायचं

गेल्या महिन्यात एक तारखेला रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. इंदुरात सुपर कॉरिडॉरला एका आयटी कंपनीत लागलाय, पहिला पगार खात्यात पडला होता आणि आवाजात आनंदापेक्षा टेन्शन जास्त. "मावशी, चर्चचे दहा टक्के ग्रॉसवर काढायचे की हातात येतात त्यावर?" मी म्हटलं आधी जेवलास का ते सांग, आणि रविवारी उपासना झाली की घरी ये, पोहे-जिलबी आणून ठेवते, सॅलरी स्लिप घेऊन ये.

त्या रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर जे बोलणं झालं तेच इथे लिहून काढतेय, कारण नंतर त्याच्याच दोन मित्रांनी तेच विचारलं, आणि आमच्याकडे नव्याने यायला लागलेल्या एका ताईंनीही. मी सियागंजात एका होलसेल किराणावाल्याकडे बावीस वर्षं अकाउंट्स सांभाळले, आणि चर्चमध्ये दान मोजायच्या टेबलावर अकरा वर्षं बसतेय, म्हणजे देणाऱ्याची बाजू आणि घेणाऱ्याची बाजू दोन्ही बघितल्यात. पाळक म्हणजे पास्टर नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही, हे आधीच सांगते.

एक शब्दांचा घोळ मिटवून टाकू. इंदुरात आपण घरी मराठी बोलतो पण बऱ्याच जणांची उपासना हिंदीत असते, त्यामुळे आपण ज्याला दशांश म्हणतो त्याला तिथे दशमांश म्हणतात, आणि उपासनेत फिरणाऱ्या थैलीत टाकतो त्या अर्पणाला हदिया. नव्या माणसाला वाटतं या तीन वेगळ्या फिया आहेत. तसं नाही. दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग बाजूला काढलेला, आणि हदिया म्हणा अर्पण म्हणा, ते उपासनेत मनाला येईल ते दिलेलं. बाकी वाढदिवसाचं, बाळ झालं त्याचं, नोकरी लागली त्याचं आभारस्तुतीचं पाकीट असतं ते आणखी वेगळं.

पहिलं: दहा टक्के हा नियम आहे का, हे स्वतःशी क्लिअर करा

हे आधी का, तर हे न समजता सुरू केलं की माणूस एकतर घाबरून देतो नाहीतर दोन महिन्यांत सोडून देतो.

बायबलच्या जुन्या करारात दशांश आहेच. अब्राहामाने मलकीसदेक नावाच्या याजकाला दहावा भाग दिला, याकोबाने तसा नवस केला, पुढे मोशेच्या नियमशास्त्रात तो लेव्यांसाठी ठरला, कारण लेव्यांना जमिनीचा वाटा नव्हता, मंदिराचं काम हेच त्यांचं काम. पण बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय एकदा नीट वाचा, मजा येईल. तिथे दशांश घेऊन यायचं, गाव लांब असेल तर धान्य विकून पैसे करून आणायचे, आणि घरच्यांनी देवासमोर बसून त्यातून जेवायचंसुद्धा! आणि दर तिसऱ्या वर्षी तो आपापल्या गावातच साठवायचा, लेवी, परदेशी, पोरके आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे दशांश म्हटला की तो सगळा एका पेटीत जातो हे चित्र बायबलातच नाहीये.

मलाखी संदेष्ट्याचं ते वचन, सगळा दशांश भांडारात आणा आणि मग बघा मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही, हे तर प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याच्यावर टीव्हीवर आणि मोबाइलवर जे चालतं, "आज हजार पेरा, दहा हजार कापा", त्याच्यापासून लांब राहा. ती एफडी नाहीये. वचन चुकीचं नाही, विकणारे चुकीचे आहेत.

नव्या करारात टक्का कुठेच ठरवून दिलेला नाही. येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना झापलंय की पुदिना-शेप-जिऱ्याचासुद्धा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. पण तिथेच म्हणतो की हे करायचं आणि तेही सोडायचं नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायची म्हटली. एका गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी टाकली, तिच्या बाबतीत ते शंभर टक्के होते. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुढत नको, बळजबरीने नको.

"मनात ठरवल्याप्रमाणे" यातला ठरवल्याप्रमाणे हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक लोक ठरवतच नाहीत, थैली समोर आली की खिशात हात घालतात. कॅथलिक मित्रमैत्रिणी विचारतात म्हणून सांगते, त्यांच्याकडे चर्चच्या गरजांना हातभार लावायचं बंधन आहे पण ठरावीक टक्का नाही. काही मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चेसमध्ये, दहाचा आग्रह फार असतो. माझं मत असं की दहा हा भिंतीतला खिळा आहे, हिशोब टांगायला बरा पडतो, पण खिळ्यालाच नमस्कार करायचा नसतो.

दुसरं: कमाई नेमकी किती, ते कागदावर लिहा

आता भाच्याचा प्रश्न. ऑफर लेटरवर पाच लाखांच्या वर आकडा होता, तो बघून तो घाबरला होता. मी म्हटलं त्या आकड्याला हात लावू नको, त्यात कंपनीचा पीएफ, इन्शुरन्स, काय काय धरलेलं असतं जे तुला दिसतच नाही. हातात आले ३४,२००. सुरुवात त्यावरून कर. कुणी ग्रॉसवर देतं, चांगलंच आहे, पण नव्या माणसाने खात्यात जे आलं ते धरावं. पीएफ कापला गेला तो पुढे कधी मिळेल तेव्हा त्याचं बघता येईल, आज न मिळालेल्या पैशाचं ओझं कशाला.

ज्यांचा पगार नाही त्यांचं जरा वेगळं आहे. दुकान असेल तर गल्ल्यावर नाही, नफ्यावर. आमच्या सेठच्या दुकानात दिवसाला लाखाचा माल फिरायचा पण साखरेत किलोमागे सुटायचे ते रुपये-दोन रुपये, त्या माणसाने गल्ल्याचा दहावा भाग काढला असता तर महिन्याभरात शटर पाडलं असतं. घरी ब्लाऊज शिवत असाल तर अस्तर-दोरा-लाइट वजा करून उरतं ते. ई-रिक्षा चालवणारे आमच्या मंडळीत दोघं आहेत, ते महिन्याची वाट बघत नाहीत, रात्री गाडी चार्जिंगला लावताना त्या दिवसाचं बाजूला काढतात, आणि खरं सांगू, हिशोबात सगळ्यात पक्के तेच आहेत.

मग खर्च लिहिला. पीजी जेवणासकट ९,५००. एज्युकेशन लोनचा हप्ता ७,८००. घरी आईला ६,०००. पेट्रोल, मोबाइल, किरकोळ ३,२००. झाले २६,५००, उरले ७,७००. दहा टक्के म्हणजे ३,४२०, ते काढले तर हातात ४,२८०, आणि त्यात सेव्हिंग, कपडे, दोस्तांबरोबर छप्पन दुकानला खायला एखादी चक्कर, आजारपण. तो गप्प बसला. म्हणाला मावशी जमेल, पण ओढाताण होईल.

म्हणून आम्ही पाच टक्क्यांवर थांबलो, १,७१०, राउंड करून १,७००. आणि दर सहा महिन्यांनी एक टक्का वाढवायचा, म्हणजे अडीच वर्षांत दहावर. आमच्याच मंडळीतले एक अंकल म्हणतील हे विश्वासाचं नाही. म्हणू देत. मी असे पोरगे बघितलेत जे पहिल्या महिन्यात जोशात दहा काय पंधरा देतात आणि चौथ्या महिन्यात चर्चलाच यायचे बंद होतात, लाजेने.

उलट बाजूही आहे, ती कमी सांगितली जाते. पगार वाढला की टक्का तोच ठेवून राहणीमान वाढवायचं, हे आपण सगळे करतो. मेथडिस्ट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली त्या जॉन वेस्लीची गोष्ट यासाठी चांगली आहे. तरुणपणी ऑक्सफर्डला असताना त्याला वर्षाला ३० पौंड मिळाले, २८ मध्ये भागवलं आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, भागवलं तरी २८ मध्येच, दिले ३२. त्याच्या पुढच्या वर्षी ९०, दिले ६२. आपल्याला तेवढं नाही जमणार, पण इन्क्रिमेंट आलं की आधी देणं वाढवून मग मोबाइल बदलायचा, एवढं तर होईल.

तिसरं: पैसे आले त्याच दिवशी वेगळे करा, खरोखर वेगळे

या एका पायरीवर सगळं अवलंबून आहे असं मी म्हणेन, आणि हे मी चांगलं वागून नाही शिकले.

मला नोकरी लागून पाचेक महिने झाले असतील. पगारातून देणार असं मनात होतं, वेगळं काही काढलेलं नव्हतं. महिन्याचा शेवटचा रविवार, थैली फिरत फिरत माझ्या बाकावर आली, पर्समध्ये एकच नोट, पाचशेची, आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडर यायचा होता. मी काय केलं, मूठ बंद केली, थैलीत कोपरापर्यंत हात घातला आणि रिकामी मूठ आत उघडून बाहेर काढली. मखमली थैली होती, आतून मऊ, आत दुसऱ्यांच्या नोटा बोटांना लागल्या. शेजारी बसलेल्या आजींना काहीच कळलं नाही. घरी येताना व्हाईट चर्चच्या चौराह्यापर्यंत मी आईशी एक शब्द बोलले नाही.

आईकडे डालड्याचा पिवळा डबा होता. पप्पांचा पगार झाला की घरभाडं, किराणा, दूधवाला हे सगळं नंतर, आधी त्या डब्यात नोटा जायच्या, जुन्या रुमालात गुंडाळून, आणि डबा तांदळाच्या कोठीमागे. घरात कितीही तंगी असली तरी त्या डब्याला हात नाही. एकदा पप्पांनी स्कूटरच्या पंक्चरसाठी त्यातले वीस रुपये घेतले तर आईने संध्याकाळी परत ठेवायला लावले. आणि तांदूळ शिजवायला घेताना एक मूठ परत काढून वेगळ्या पिशवीत टाकायची, महिन्याअखेरीस ती पिशवी गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची तिला. हे आमच्या आईचंच डोकं असं मला वाटायचं, नंतर कळलं की मिझोराममध्ये तर याच्यावर चर्चेस उभी आहेत. बुहफाय थाम म्हणतात तिथे, मूठभर तांदूळ. १९१० च्या सुमारास तिथल्या बायकांनी सुरू केलं, प्रत्येक स्वयंपाकाला एक मूठ बाजूला, आठवड्याला गोळा करून विकायचं, आणि ते आजही चालू आहे. पगार नसलेल्या बायकांनी दिलेलं दान आहे ते.

आता डबा कुणी ठेवत नाही. भाच्याला आम्ही दुसऱ्या बँकेत झिरो बॅलन्सचं खातं काढून दिलं, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही, आणि पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या दोन तारखेला १,७०० आपोआप तिकडे जातील असं सेट केलं. यूपीआय जोडू नका हे मुद्दाम सांगते, नाहीतर ते पैसे सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसावर जातील. पौलाने पण हेच सांगितलंय, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने मिळकतीप्रमाणे स्वतःजवळ बाजूला ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गणीची धावपळ नको. तो प्रेषित बोलतोय पण बोलतोय अगदी खजिनदारासारखं.

चौथं: वाटे पाडा

वेगळे काढले, आता द्यायचे कुणाला. आमच्या घरात असं आहे: अर्धे आपल्या मंडळीला, पाव भाग ओळखीच्या गरजेला, आणि पाव भाग साठवून ठेवायचा, अचानक कुणाचं काही निघालं तर किंवा वर्षातून एकदा एखाद्या संस्थेला. तुमचे वाटे तुम्ही ठरवा.

मंडळीला का, तर लाइट बिल पाळकसाहेब घरून भरत नाहीत. जनरेटर, चौकीदार, छप्पर गळतं ते, आणि पाळकांचा पगार, जो ऐकाल तर लाज वाटेल. आपल्या लोकांना एक जुनी सवय आहे. १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदुरात आले, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं, आणि त्यामागे बराच पैसा तिकडच्या मंडळ्यांचा होता, तिथल्या बायकांनी १८७६ मध्ये मिशनला मदत करायला वेगळी संस्थाच काढली होती आणि सभासद बायका थोडंथोडं जमा करून पाठवायच्या. म्हणजे ज्या भिंतींना टेकून आपण बसतो त्यात कुणाच्या तरी डालड्याच्या डब्यातले पैसे आहेत. पण दोन-तीन पिढ्या ते आयतं मिळालं आणि "मिशन देईल" हे डोक्यात बसलं. मिशन जाऊन जमाना झाला, १९७० मध्ये सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, तरी अजून मारुती गाडीतून येऊन थैलीत दहाची नोट टाकणारे आहेत. मोजायला बसते ना, म्हणून माहीत आहे!

द्यायचं तर विचारायचंही. वर्षाची जी सर्वसाधारण सभा होते तिला थांबा, जेवणाआधीच पळू नका. जमा-खर्चाचा कागद मागा, ऑडिट झालं का विचारा. नीट चालणाऱ्या कमिटीला याचा राग येत नाही. राग आला तर तुमचे वाटे परत पाडा.

ओळखीच्या गरजेत पहिले घरचे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साफ लिहिलंय की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारल्यासारखं आहे. आणि येशू चिडला होता तो अशा लोकांवर जे आईबापाला म्हणायचे, तुम्हाला द्यायचं ते मी देवाला अर्पण करून टाकलंय. म्हणून भाच्याचे आईला जाणारे ६,००० हे कापून दशांश वाढवायचा नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. पण ते ६,००० दशांशातही धरायचे नाहीत, ते कर्तव्य आहे. इथे जरा प्रामाणिक राहावं लागतं.

संस्थांचं म्हणाल तर आई वर्षाला एक मनीऑर्डर केडगावला पाठवायची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून अनाथ मुली घेऊन गेल्या होत्या, तेव्हा आपल्या बाजूचं त्यांच्याशी जुनं नातं आहे. संस्था कुठलीही असो, एकच निवडा आणि वर्षानुवर्षं द्या. दहा ठिकाणी शंभर-शंभर पाठवले की त्यांचा पावतीचा खर्चच निघत नाही.

आणि चर्चमध्ये हंगामाचा सण आला की लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यासाठी साठवलेल्या पाव भागातून थोडं काढून ठेवा. नवे लोक बावरतात, शंभरचा भोपळा सातशेला कसा काय गेला. अहो तो भोपळा नाहीये, ती बोली आहे, घेणाऱ्यालाही माहीत असतं. मागच्या वर्षी एकाने तो सातशेचा भोपळा घेऊन परत लिलावाला दिला, मग तोच पुन्हा पाचशेला गेला. ज्यांना परवडत नाही त्यांनी टाळ्या वाजवाव्या, बोली लावून ओशाळायचं काही कारण नाही.

पाचवं: हातात कसं द्यायचं

पाकिटात. बहुतेक मंडळ्यांमध्ये महिन्याची छापील पाकिटं मिळतात, वर नंबर नाहीतर नाव, महिना आणि रक्कम लिहायची, पेनाने, आणि आतली रक्कम तीच असायला हवी. हसू नका, पाकिटावर हजार आणि आत आठशे अशी पाकिटं येतात, आणि मग मोजणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे बघायचं. दोघं असतातच, एकट्याने कधी मोजू नये, तुम्हाला पुढे कधी बसवलं तर हे लक्षात ठेवा. क्यूआर असेल तर स्कॅन केल्यावर नाव चर्चचंच येतंय ना बघा, कुणा माणसाचं आलं तर पेमेंट करू नका, ऑफिसात विचारा.

आणि हात जोडून एक, फाटक्या चिकटवलेल्या नोटा थैलीत टाकू नका. भाजीवाल्याने घेतली नाही म्हणून देवाला! बँकेत बदलून मिळतात त्या.

सहावं: टॅक्स आणि कायदा

हे पटकन उरकते. चर्चला दिलेल्या दशांशावर साधारणपणे टॅक्सची सूट मिळत नाही, कारण ८०जी ही सूट एकाच धर्माच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेला लागू होत नाही. अनाथाश्रम, दवाखाना, शाळा चालवणाऱ्या ट्रस्टकडे ८०जी असेल तर सहसा अर्ध्या रकमेवर सूट, त्यालाही उत्पन्नाच्या हिशोबाने वरची मर्यादा आहे. दोन हजारांच्या वर कॅश दिली तर सूट नाही, म्हणून चेक नाहीतर ऑनलाइन द्या आणि त्यांच्याकडून दानाचं सर्टिफिकेट (जुन्या कायद्यात फॉर्म १०बीई) मागून घ्या, नुसती पावती चालत नाही. आणि हे सगळं जुन्या रेजिममध्येच. भाचा नव्या रेजिममध्ये आहे, त्याला यातलं काहीच नाही, त्याचं चॅप्टर दोन मिनिटांत संपलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण सीएपासून चपराश्यापर्यंत सगळे अजून ८०जीच म्हणतात.

तुमचे काका कॅनडाचे सिटिझन झाले असतील आणि म्हणत असतील की चर्चच्या छपराला मी पाठवतो, तर थांबवा त्यांना. परदेशी नागरिकाचे पैसे घ्यायला चर्चकडे एफसीआरए (परदेशी पैसा घ्यायची सरकारी परवानगी) लागतं, आणि २०२० पासून ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तुमच्या खात्यात मागवून तुम्ही चर्चला द्यायचे, ही आयडिया तर अजिबात करू नका. पासपोर्ट भारताचाच असेल आणि नोकरीपुरते तिकडे असतील तर बँकेतून स्वतःच्या कमाईचे पाठवू शकतात.

आणि एक आपल्या राज्याचं. मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा आहे, त्यात प्रलोभन दाखवून धर्मांतर करवणं गुन्हा आहे, एक ते पाच वर्षं शिक्षा आणि किमान २५,००० दंड, आणि बाई, अल्पवयीन किंवा एससी-एसटी असेल तर त्याहून जास्त. प्रलोभनाच्या व्याख्येत भेट, पैसा, नोकरी, शिक्षण सगळं येतं. म्हणून मदत ती मदत. रेशनच्या पिशवीत पत्रक टाकू नका, फी भरलीत म्हणून "रविवारी या" म्हणू नका. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण अट घातली की ते दान राहत नाही, सौदा होतो, आणि समोरच्याला तो कळतो.

सातवं: माणसाला देताना

थोडं सांभाळून. फोटो काढायचा नाही, हे पहिलं. शक्य असेल तर पैसे जिथे लागणार तिथेच भरा, शाळेच्या काउंटरवर, मेडिकलवाल्याकडे. उसने म्हणून देऊ नका, द्यायचेच असतील तर देऊन टाका, कारण उसने दिले की तो माणूस तुम्हाला बघून रस्ता बदलायला लागतो, मग पैसेही गेले आणि माणूसही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्यूआरवर पैसे पाठवू नका. मी पाठवलेत. एका लहान मुलीचा फोटो, हॉस्पिटलचा बेड, वर बायबलचं वचन, खाली क्यूआर, आपल्याच प्रार्थनेच्या ग्रुपवर आलेलं म्हणून मी विचार न करता २,००० पाठवले. दोन दिवसांनी तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर, मुलीचं नाव वेगळं, गाव वेगळं. मग ज्यांनी फॉरवर्ड केला त्यांना फोन केला तर त्यांनाही दुसऱ्यांकडून आलेला. आता नियम एकच, फोन लागला पाहिजे आणि ओळखीतल्या कुणीतरी जाऊन बघून आलं पाहिजे. इंदूर एवढं मोठं नाहीये, एम.वाय. हॉस्पिटलला कुणी ना कुणी रोज जातंच.

आठवं: महिना बिघडला तर

बिघडतोच. नोकरी जाते, अपेंडिक्स निघतं, लग्न निघतं. तेव्हा क्रेडिट कार्डवरून किंवा व्याजाने घेऊन दशांश द्यायचा नाही, म्हणजे नाहीच. पौल लिहितो की इच्छा असली की जे आहे त्याप्रमाणेच ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. त्या महिन्यात शंभर द्या, पन्नास द्या, नाहीतर अर्धा दिवस जाऊन चर्चच्या पंख्यांची धूळ पुसा, आणि पुढच्या महिन्यात "बॅकलॉग" म्हणून दुप्पट भरायला जाऊ नका. हा हप्ता नाही, पेनल्टी लागत नाही. खरंच अडचण असेल तर पाळकांना सांगा, त्या थैलीतला काही भाग तुमच्यासाठीही असतो. तिसऱ्या वर्षाचा दशांश आठवतो ना?

लग्न झालेल्यांसाठी एवढंच की दोघांनी मिळून आकडा ठरवा. आपल्याकडे बऱ्याच घरांत नवरा किंवा बायको ख्रिस्ती नसते, नव्याने आलेल्या त्या ताईंच्या घरीही तसंच, मिस्टर रामबागेतल्या गणपतीच्या वर्गणीत पुढे असतात. लपवून देऊ नका, मी त्यांना म्हटलं. त्यांनी घरी विचारलं, तर मिस्टर म्हणाले तुझ्या शिलाईच्या पैशातून तुला काय द्यायचं ते दे, फक्त मला आकडा सांग, आणि मी वर्गणीचा तुला सांगतो. आता फ्रिजवर दोन्ही चिठ्ठ्या लागतात.

भाच्याचं पुढे काय झालं, तर या महिन्यात दोन तारखेला सकाळी त्याचा मेसेज आला, १,७०० ट्रान्सफर झाल्याचा स्क्रीनशॉट, वर हात जोडलेला इमोजी. मी लिहिलं, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला पण कळू द्यायचं नसतं, आणि तू मावशीला पाठवतोस? पाच मिनिटांनी उत्तर आलं, "बरं. मग दिवाळीच्या बोनसचं काय करायचं?"

रविवारी ये म्हटलं, पोहे आहेत.